एका पॉइंटानं हुकलं: व्हिडिओ गेमचा धंदा आणि गुणांची सरासरी

आमच्या पलूस तालुक्यातल्या गावात संध्याकाळी सहाच्या सुमाराला दूध संकलन केंद्रावर रांग लागते. मी तिथं नऊ वर्षं फॅटचं मशीन चालवलं. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया. फॅट म्हणजे स्निग्धांश. एसएनएफ म्हणजे स्निग्धांश आणि पाणी सोडून दुधात जे उरतं ते. ३.५ लागली की पूर्ण दर, ३.४ लागली की कपात सुरू. गाय तीच, वैरण तीच, धार काढणारे हातही तेच. पण पावतीवर ३.४ छापून आलं की माणूस काउंटरवरून हलत नाही. "परत लाव की एकदा," म्हणतो. मी लावायचो. कधी तोच आकडा यायचा, कधी ३.५ यायचा.

गेल्या पावसाळ्यात माझा भाचा पुण्याहून आला होता. तो व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम करतो. दोन वर्षं खपून त्यांनी एक गेम पुरा केला होता, पैसा बाहेरच्या देशातल्या कंपनीनं घातला होता. करारात एक ओळ होती: रिव्ह्यूंची सरासरी ८० झाली तर टीमला बोनस. सरासरी आली ७८. जेवताना तो म्हणाला, "मामा, आमची फॅट कमी लागली." त्याच्या धंद्यातलं काहीतरी मला पहिल्यांदाच मुळापासून कळलं.

तेव्हापासून मी या विषयावर वाचत आलोय. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या गेमच्या सहाव्या भागासाठी १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख कंपनीनं जाहीर केली, आणि तेव्हापासून सांगलीतल्या पोरांच्या बोलण्यातही एक प्रश्न हमखास असतो: याला किती पडणार? चौथ्या भागाला २००८ साली १०० पैकी ९८ पडले होते, पाचव्याला ९७. हे गुण देतं कोण, ते गोळा कसे होतात आणि त्यावर कुणाची भाकरी अवलंबून असते, ते इथे सांगतो.

## गुण देणारे वेगळे, गोळा करणारे वेगळे

नवा गेम आला की वेगवेगळी मासिकं आणि वेबसाइट्स त्याचा रिव्ह्यू लिहितात. कुणी दहापैकी गुण देतं, कुणी पाच तारे, कुणी परीक्षेसारखी ए, बी, सी अशी श्रेणी. एका मोठ्या गेमचे असे पन्नास-शंभर रिव्ह्यू निघतात. इतकं वाचायला वेळ कुणाला? म्हणून काही वेबसाइट्स सगळ्यांचे गुण एका जागी आणून त्यांचा एकच आकडा काढतात. अशा वेबसाइटला ॲग्रिगेटर म्हणतात. या लेखात मी तिला नुसतं ‘गोळाबेरीज करणारी साइट’ म्हणेन.

यातली सगळ्यात वजनदार साइट म्हणजे मेटाक्रिटिक. ती जानेवारी २००१ मध्ये सुरू झाली. तिच्या आधी, १९९९ पासून, गेमरँकिंग्ज होती. ती २०१९ च्या शेवटी बंद पडली. ओपनक्रिटिक २०१५ पासून आहे. मेटाक्रिटिकच्या आकड्याला मेटास्कोअर म्हणतात आणि त्याला रंग असतो. गेमसाठी ७५ आणि त्यापुढे हिरवा, ५० ते ७४ पिवळा, त्याखाली लाल. तासगावच्या सौद्यात बेदाण्याचा रंग बघून बोली कुठून सुरू होणार ते ठरतं, तसं इथंही गिऱ्हाईक आधी रंग बघतं.

मेटाक्रिटिक दोन गोष्टी अशा करते ज्या वाचणाऱ्याला दिसत नाहीत. पहिली, ती प्रत्येकाचे गुण शंभराच्या पट्टीवर बसवते. ‘ए’ म्हणजे १००, ‘बी’ म्हणजे ७५, ‘बी उणे’ म्हणजे ६७ आणि ‘सी’ म्हणजे ५०. आता विचार करा, एखाद्या मास्तरांनी ‘बी उणे’ दिली तर त्यांच्या मनात काय असतं? पोरगं बरं आहे, थोडं कमी पडलं. पण ते ६७ होऊन बाकीच्या ऐंशी-पंच्याऐंशीच्या शेजारी बसलं की सगळी सरासरी खाली ओढतं. दुसरी गोष्ट, सगळ्या रिव्ह्यूंना सारखं वजन नसतं. काही प्रकाशनांचं मत जास्त धरलं जातं, काहींचं कमी. ही वजनं मेटाक्रिटिक जाहीर करत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका संशोधकानं गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत ती अंदाजानं काढून दाखवली. मेटाक्रिटिकनं तो अंदाज साफ चुकीचा आहे असं सांगितलं, पण खरी वजनं कोणती तेही सांगितलं नाही. ओपनक्रिटिक सगळ्यांना सारखंच वजन देते.

संकलन केंद्रावर आम्ही मशीन सगळ्यांसमोर ठेवायचो. काच, आकडा, पावती, सगळं रांगेतल्या माणसाला दिसायचं. त्या सवयीच्या माणसाला ही गुप्त वजनं बोचतात.

## सरासरी काय झाकते

सांगली जिल्ह्याचा सरासरी पाऊस किती, हे कुणी सांगितलं तर त्यावरून पेरणी कराल का? चांदोलीच्या बाजूला, शिराळ्यात, पावसाळ्यात छत्रीला उसंत नसते. जत आणि आटपाडीत त्याच महिन्यात लोक आभाळाकडे बघत बसलेले असतात. या दोन्हींची सरासरी काढली की जो आकडा येतो, त्या आकड्याचा पाऊस कदाचित कुठल्याच शिवारात पडलेला नसतो.

गेमचंही असं होतं. एका गेमला सगळ्यांनी सत्तर दिले. दुसऱ्याला निम्म्यांनी शंभर आणि निम्म्यांनी चाळीस दिले. दोघांची सरासरी सत्तर. पहिला गेम कुणालाच फारसा आवडला नाही आणि कुणाला खटकलाही नाही. दुसरा काहींना जीव की प्राण आहे आणि काहींना सहन होत नाही. घ्यायचा तर दोन्हीसाठी वेगवेगळा विचार करायला हवा. आकडा मात्र दोन्हींना एकाच पिवळ्या चौकोनात बसवतो.

त्यात भर म्हणजे पट्टीच सरकलेली आहे. आपल्याकडे ३५ ला पास. गेमच्या रिव्ह्यूंमध्ये ७० मिळाले तरी पब्लिशरच्या, म्हणजे गेममध्ये पैसा घालणाऱ्याच्या, घरी सुतक असतं. सात ते दहा एवढ्याच जागेत बहुतेक मोठ्या गेमचे गुण पडतात, खालची पट्टी जवळजवळ न वापरलेली. दहावीचं तसंच झालंय. आमच्या वेळी ७५ टक्क्यांना पेढे वाटायचे, आता त्या टक्क्यांवर पोरांना हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळेल याची खात्री नसते. पट्टी अशी आखडली की एकेका गुणाला नको इतकं महत्त्व येतं.

## आकड्याला पैसा बांधला की

खरं दुखणं इथं सुरू होतं, म्हणून इथं जरा थांबू.

गेमच्या धंद्यात साधारण दोन बाजू असतात. गेम प्रत्यक्ष बनवतो तो स्टुडिओ. त्यात पैसा घालतो, जाहिरात करतो आणि विकतो तो पब्लिशर. स्टुडिओला कामाचे पैसे हप्त्याहप्त्यानं मिळतात. गेम खपला तर विक्रीतला वाटा, म्हणजे रॉयल्टी, कधी मिळते, कधी नाही. आणि कधीकधी बोनस असतो. तो बोनस गोळाबेरजेच्या आकड्याला बांधण्याची पद्धत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत रुजली.

यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ‘फॉलआउट: न्यू वेगास’. ऑब्सिडियन या स्टुडिओनं तो साधारण दीड वर्षात बनवला, बेथेस्डानं ऑक्टोबर २०१० मध्ये आणला. पुढच्या महिन्यातच पब्लिशरनं सांगितलं की ५० लाख प्रती बाजारात रवाना झाल्यात. मार्च २०१२ मध्ये ऑब्सिडियनचे एक संस्थापक ख्रिस ॲव्हेलोन यांनी ट्विटरवर उघड केलं की त्यांच्या स्टुडिओला ठरलेली रक्कम मिळाली, रॉयल्टी नव्हती, आणि बोनस होता तो मेटाक्रिटिकवर ८५ पडले तरच. पडले ८४. त्याच सुमाराला ऑब्सिडियनमधल्या अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. त्याचं कारण दुसराच एक प्रकल्प रद्द होणं हे होतं, त्यामुळे बोनस मिळाला असता तर त्या वाचल्या असत्या असं मी म्हणणार नाही. पण पन्नास लाख प्रती एका बाजूला आणि एक गुण दुसऱ्या बाजूला, आणि काटा गुणाच्या बाजूला झुकला, हे खरं.

आता परत आमच्या केंद्रावर या. ३.४ लागली म्हणून आम्ही दूध ओतून देत नव्हतो. प्रत्येक पॉइंटामागे ठरलेले पैसे कापायचो. तेवढ्या कपातीवरूनही भांडणं व्हायची, आंदोलनं झाली, पण शेवटी ती पायरी होती. ८५ च्या करारात पायरी नाही, कडा आहे. ८५ ला सगळं, ८४ ला शून्य. आणि हा आकडा कितीतरी वेगवेगळ्या माणसांच्या मतांतून, गुप्त वजनांनी, ‘बी उणे’चे ६७ करून काढलेला आहे. त्यातला एक गुण इकडचा तिकडे व्हायला एखाद्या समीक्षकाची पाठ त्या दिवशी दुखत असणं पुरेसं आहे. मला यात सरळसरळ अन्याय दिसतो.

अशी आणखी उदाहरणं आहेत. बंजी हा स्टुडिओ आणि ॲक्टिव्हिजन हा पब्लिशर यांच्यातला २०१० चा करार २०१२ मध्ये एका कोर्टकज्जातून बाहेर आला. त्यात पुढे ‘डेस्टिनी’ नावानं आलेल्या गेमसाठी अट होती: गेमरँकिंग्जवर ९० पडले तर २५ लाख डॉलरचा बोनस. सप्टेंबर २०१४ मध्ये गेम आला. पहिल्या दिवशी ५० कोटी डॉलरहून जास्त किमतीचा माल दुकानांत गेल्याचं कंपनीनं सांगितलं. गुणांची सरासरी मात्र सत्तरीच्या घरात राहिली.

२००४ मध्ये वॉर्नर ब्रदर्सच्या गेम विभागानं उलट्या बाजूनं हेच केलं. आमच्या चित्रपटांवर गेम बनवा, पण सरासरी ७० च्या खाली गेली तर तुम्ही आम्हाला द्यायची रॉयल्टी वाढेल. वाईट गेममुळे चित्रपटाचं नाव खराब होतं, असं त्यांचं म्हणणं. ते चुकीचं नाही. पण दंड ठरवणारा आकडा इथंही तोच.

नोकरीतही आकडा शिरला. २०१२ मध्ये इर्रॅशनल गेम्सनं काढलेल्या एका जाहिरातीत उमेदवाराच्या नावावर मेटाक्रिटिकवर ८५ किंवा त्याहून जास्त सरासरी असलेला निदान एक गेम हवा, अशी अट होती. दोनशे माणसांनी मिळून बनवलेल्या गेमला ८० पडले, त्यात तुमचं काम झाडं रंगवण्याचं होतं, झाडं सुंदर होती, तरी तुम्ही बाद. साखर कारखान्याच्या उताऱ्यासारखं आहे हे: सगळ्या गावांचा ऊस एकत्र गाळायचा, उतारा एकच निघायचा, आणि तुमच्या रानातला ऊस गोड होता की नाही हे कुणी वेगळं मोजतच नाही.

शेअर बाजारही हा आकडा बघतो. १५ मार्च २०११ रोजी टीएचक्यू कंपनीचा ‘होमफ्रंट’ आला, रिव्ह्यू मध्यम निघाले, आणि त्या एका दिवसात कंपनीचा शेअर २० टक्क्यांहून जास्त पडला. तो बनवणारा न्यूयॉर्कचा स्टुडिओ त्याच वर्षी बंद झाला.

## "पण चांगला गेम असेल तर गुण मिळतातच ना?"

हा प्रश्न मलाही पडला होता, आणि त्यात तथ्य आहे. ‘क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पेडिशन ३३’ हे ताजं उदाहरण. फ्रान्समधल्या मॉंपेलिए गावच्या सँडफॉल इंटरॲक्टिव्ह या नव्या स्टुडिओचा हा पहिलाच गेम, मुख्य टीम तीसेक माणसांची. एप्रिल २०२५ मध्ये तो आला, सरासरी ९० च्या वर गेली, तीन दिवसांत दहा लाख प्रती खपल्या आणि डिसेंबरमध्ये द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. ज्या कंपनीचं नाव कुणी ऐकलं नव्हतं, तिच्याकडे लोकांचं लक्ष गेलं त्यात या हिरव्या आकड्याचाही हात होता. जाहिरातीला पैसा नसलेल्या माणसाला निःपक्ष मोजमाप आधार देतं. मशीन येण्याआधी आमच्या गावात दूध बोट बुडवून आणि माणूस बघून घ्यायचे; त्यापेक्षा मशीन शंभर पटीनं बरं.

पण ‘मिळतातच’ या शब्दापाशी मी अडतो. आकडा फक्त गेमची चव मोजत नाही, तो चव बदलतोही. २०१० मध्ये ईईडीएआर ही गेमच्या बाजाराचा अभ्यास करणारी संस्था आणि अमेरिकेतलं सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ यांनी एक प्रयोग केला. लोकांना ‘प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज’ खेळायला दिला. काहींना आधी चांगले रिव्ह्यू दाखवले, काहींना वाईट, काहींना काहीच नाही. ज्यांनी चांगले रिव्ह्यू पाहिले त्यांनी गेमला स्वतःही जास्त गुण दिले. शेवटी गेमची प्रत किंवा दहा डॉलर रोख, यातलं काय हवं असं विचारल्यावर त्यांच्यातल्या कितीतरी जास्त जणांनी गेम उचलला. गेम सगळ्यांना एकच दिला होता. म्हणजे पहिले काही रिव्ह्यू कसे पडतात त्यावर पुढच्या माणसाचा आनंदही ठरतो.

## फॅट वाढवायची तर दुधात काय काय पडतं

फॅटवर पैसा असतो म्हणून दुधात तेल मिसळणारे निघाले, एसएनएफसाठी युरिया टाकणारे निघाले. सगळे शेतकरी असं करत नाहीत, बहुतेक करत नाहीत. पण मोजमापावर पैसा बसला की मोजमाप फसवण्याची वाट शोधली जाते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

गेमच्या धंद्यात पब्लिशर गेम बाहेर येण्याआधी जुन्या समीक्षकांना पैसे देऊन खोटा-खोटा रिव्ह्यू लिहून घेतात. छापायला नाही, तर किती पडतील याचा अंदाज यावा म्हणून. पूर्वपरीक्षाच ती. त्यात फार वाईट काही नाही, पण त्यातून मग समीक्षकांना खटकेल ते काढा, त्यांना आवडेल ते घाला, असं सुरू होतं. गेमचा स्वतःचा म्हणून जो काही हट्ट असतो तो घासून घासून गुळगुळीत होतो.

दुसरी वाट वेळेची. रिव्ह्यू अमुक वेळेआधी छापायचा नाही या अटीला एम्बार्गो म्हणतात. २०१४ मध्ये ‘ॲसॅसिन्स क्रीड युनिटी’ अमेरिकेत मध्यरात्री विकायला आला आणि एम्बार्गो उठला त्यानंतर बारा तासांनी, दुपारी बाराला. गेममध्ये चुका भरपूर होत्या. पण ते कळेपर्यंत हजारोंनी पैसे भरले होते.

‘सायबरपंक २०७७’ची गोष्ट याहून मोठी. डिसेंबर २०२० मध्ये गेम येण्याआधी समीक्षकांना फक्त कॉम्प्युटरवर चालणारी आवृत्ती दिली. त्यावर रिव्ह्यू निघाले, सरासरी ९० च्या आसपास गेली. बाजारात आल्यावर सोनीच्या जुन्या प्लेस्टेशन ४ या मशीनवर गेम धड चालेचना. त्या आवृत्तीची सरासरी पुढे ५७ वर आली, आणि सोनीनं आठवडाभरातच तो आपल्या दुकानातून काढून टाकला. परत यायला जून २०२१ उजाडला. त्याच गेमच्या कामगारांचा बोनस ९० च्या सरासरीला बांधलेला होता. गोंधळानंतर कंपनीनं ती अट सोडली आणि बोनस द्यायचं कबूल केलं, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

समीक्षकांवरही दाब येतो. २००७ मध्ये गेमस्पॉट या साइटवर जेफ गर्स्टमन यांनी ‘केन अँड लिंच’ला दहापैकी ६ दिले. त्याच साइटवर त्या गेमच्या जाहिराती झळकत होत्या. त्यांची नोकरी गेली. पब्लिशरांच्या दबावामुळे आपल्याला काढलं हे त्यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितलं.

## "समीक्षक सोडा, लोकांचेच गुण घ्या"

लोकांचे गुण असतातच. मेटाक्रिटिकवर खेळणाऱ्यांची वेगळी सरासरी असते. कॉम्प्युटरचे गेम विकणाऱ्या स्टीम या दुकानात तर समीक्षक नाहीतच. गिऱ्हाइकानं अंगठा वर किंवा खाली करायचा, आणि किती टक्के वर त्यावरून शेरा ठरतो. दहा रिव्ह्यू होईपर्यंत शेराच मिळत नाही. म्हणून छोटे स्टुडिओ पहिल्या दहा जणांसाठी अक्षरशः हात जोडत असतात.

पण लोकही रागावतात. ठरवून, झुंडीनं कमी गुण देण्याला रिव्ह्यू बॉम्बिंग म्हणतात. मे २०२० मधलं टिकटॉक आणि यूट्यूबवाल्यांचं भांडण आठवतं? काही दिवसांत प्ले स्टोअरवर टिकटॉकचे तारे चारच्या वरून दीडच्याही खाली आले, मग गुगलनं लाखो रिव्ह्यू काढून टाकले. पुढच्याच महिन्यात, १९ जून २०२० रोजी, ‘द लास्ट ऑफ अस भाग २’ आला. समीक्षकांची सरासरी ९३. लोकांची दहापैकी चारच्याही खाली, तीही काही तासांत. पंचवीस तासांचा गेम काही तासांत कुणी संपवला असेल? त्यानंतर मेटाक्रिटिकनं नियम केला की गेम आल्यावर ३६ तास लोकांना गुण देता येणार नाहीत.

तरी झुंडीला सरसकट वाईट म्हणायला मी तयार नाही. मे २०२४ मध्ये ‘हेलडायव्हर्स २’ खेळणाऱ्यांना सोनीनं सांगितलं की आता आमचं वेगळं खातं जोडावंच लागेल. अनेक देशांत ते खातं उघडायची सोयच नव्हती, आणि तिथल्या लोकांनी गेमचे पैसे तर आधीच भरले होते. स्टीमवर दोन लाखांहून जास्त नकारार्थी रिव्ह्यू पडले आणि तीन दिवसांत सोनीनं निर्णय मागे घेतला. ज्यांच्या हातात दुसरं काही नाही त्यांनी रस्त्यावर दूध ओतावं, तसंच हे.

## "आमचा पोरगा तर मोबाइलवर फुकटचं खेळतो"

गावात हे मला बऱ्याच जणांनी विचारलं. मोबाइलवरही तोच खेळ आहे, फक्त समीक्षक नाहीत आणि शंभराच्या जागी पाच तारे आहेत. चारच्या खाली गेलेला गेम लोक उतरवून घेताना कचरतात, म्हणून खेळता खेळता मध्येच तारे मागणारी खिडकी उघडते. आयफोनवर ॲपलची ही खिडकी वर्षात तीनदाच दाखवता येते. काही जण चलाखी करतात: आधी "मजा येतेय का?" विचारतात, हो म्हणणाऱ्यालाच तारे द्यायला पाठवतात, नाही म्हणणाऱ्याला तक्रारपेटीकडे. ऑगस्ट २०१९ पासून प्ले स्टोअर अलीकडच्या ताऱ्यांना जास्त वजन देतं. ही दुरुस्ती मला मनापासून पटते, आणि का ते पुढे सांगतो.

## परत लाव की एकदा

मेटाक्रिटिकचा एक जुना नियम आहे. एखाद्या प्रकाशनानं पहिल्यांदा दिलेले गुणच धरायचे. पुढे गेम सुधारला आणि त्यांनी गुण वाढवले, तरी मेटास्कोअर तिथंच राहतो. यालाही कारण आहे: गुण वाढवून द्या म्हणून पब्लिशरनं समीक्षकाच्या मागे लागू नये. कारण खरं आहे, पण किंमत मोठी आहे. ‘नो मॅन्स स्काय’ ऑगस्ट २०१६ मध्ये आला तेव्हा कबूल केलेलं बरंच काही त्यात नव्हतं. प्लेस्टेशनवर ७१ पडले. हॅलो गेम्स हा छोटा ब्रिटिश स्टुडिओ गप्प बसला आणि वर्षानुवर्षं, एक पैसा जादा न घेता, त्यात भर घालत राहिला. स्टीमवर लोकांचा शेरा हळूहळू चढत गेला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘व्हेरी पॉझिटिव्ह’, म्हणजे ‘फारच चांगला’, या पायरीला पोहोचला. मेटाक्रिटिकवर आजही ७१ च आहेत. आठ वर्षांच्या कष्टांना तिथं पावती नाही.

मग आकडे बंदच करावेत का? काहींनी करून पाहिलं. युरोगेमर या साइटनं फेब्रुवारी २०१५ मध्ये गुण देणं थांबवलं आणि मेटाक्रिटिकमधूनही ती बाहेर पडली. २०२३ मध्ये तिनं पाच तारे परत आणले. वाचणाऱ्याला घाई असते, त्याला खूण लागते. मला त्यात वाईट वाटत नाही.

घेणाऱ्यासाठी मी भाच्याकडून शिकलेलं एवढंच सांगतो. सरासरी बघा, पण मग एक सगळ्यात वरचा आणि एक सगळ्यात खालचा रिव्ह्यू वाचा. खालच्यानं ज्याबद्दल बोटं मोडलीत ते तुम्हाला चालणार असेल, तर गेम तुमचा. रिव्ह्यू कुठल्या मशीनवर खेळून लिहिलाय ते बघा. तारीख बघा. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये ‘राजी’ आणला, आपल्या पुराणकथांवरचा. त्यातलं देऊळ आणि त्यातली लढाई परदेशातल्या समीक्षकाला जशी दिसेल तशीच तुम्हाला दिसेल असं नाही. तिथं तुमचा डोळाच वापरा.

बनवणाऱ्यांसाठी प्रश्न कराराचा आहे. भाचा दिवाळीत परत आला तेव्हा त्याच्या टीमचं दुसऱ्या गेमचं बोलणं चालू होतं. वेगळा पब्लिशर, वेगळा देश. संध्याकाळी त्याला केंद्रावर घेऊन गेलो. मशीनवर आता माझ्या जागी गावातलीच एक मुलगी बसते. रांगेत एका म्हातारीला ३.३ लागली. तिनं किटली काउंटरवर तशीच धरून ठेवली. "पोरी, परत लाव." मुलीनं दूध ढवळलं आणि परत लावलं. ३.४ आलं. म्हातारीनं पावती घडी घालून कमरेला खोचली आणि गेली.

भाचा घरी येईपर्यंत काही बोलला नाही. रात्री लॅपटॉप उघडून त्यानं कराराचा मसुदा मला वाचून दाखवला. विक्रीतला वाटा पहिल्या कलमात आहे. बोनसला त्यांनी पायऱ्या मागितल्यात: ७० पासून थोडा, ७५ ला आणखी, ८० ला पूर्ण. शेवटचं कलम त्यानं त्या रात्रीच घातलं होतं. गेम आल्यावर एक वर्षानं, सगळ्या दुरुस्त्या झाल्यावर, खेळणाऱ्यांचा त्या वेळचा शेरा बघून बोनसचा हिशेब पुन्हा एकदा करायचा. पहिली दोन कलमं पब्लिशरनं मान्य केलीत. तिसऱ्यावर अजून उत्तर आलेलं नाही.